मागचा ब्रेक

बारावीची परीक्षा संपवून मी जव्हारच्या वसतिगृहातून घरी आले, ती आल्या दिवसापासून घरातल्यांच्या जिवाला घोर लावत होते. निकालाला दोन महिने होते. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठे जावं ते सुचत नसे. पोशेऱ्यात जाण्यासारख्या जागा तीनच : विहीर, शाळा आणि मोखाड्याच्या रस्त्याचं वळण. विहिरीने तळ गाठला होता, शाळेला सुट्टी होती, आणि वळणावर उभी राहून जीपा मोजणाऱ्या मुलीबद्दल लोक काय बोलतात ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी जायचीच. "हिच्या पायाला भिंगरी बांधलीय," आई म्हणायची. "एका जागी बसलीस तर जमीन चावते का गं तुला?" चावायची, खरंच चावायची. मला पुढे शिकायला नाशिकला जायचं होतं. बाबांना विचारलं की ते म्हणत, "निकाल लागू दे, मग बघू." बाबा पोशेऱ्याच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते, आणि 'मग बघू' या दोन शब्दांवर त्यांनी अख्खा संसार केला होता. त्या उन्हाळ्यात ते दोन शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जात असे.

त्याच उन्हाळ्यात बाबांनी घर उकललं. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं, वर नळीची कौलं. मागच्या बाजूचा कूड वाळवीने इतका पोखरला होता की अंगठा दाबला तर आरपार जाई. तिथे विटांची भिंत घालायची आणि वर मंगलोरी कौलं चढवायची असं ठरलं. घरातलं सगळं सामान अंगणातल्या आंब्याखाली आलं. कणगी, जातं, ट्रंका, देवांची फळी, बाबांची पुस्तकं, सगळं मांडवात. आई तीन दगडांवर रांधायची. नागलीच्या आंबिलीत मातीचा कण नाही असा एक दिवस गेला नाही. दिवसभर लहानूकाकांच्या लाकूड तासायच्या वाकसेची टकटक चाले. लहानूकाका आमच्या पाड्यातले म्हातारे सुतार, कुणाचंही घर त्यांच्या हाताशिवाय उभं राहत नसे. एका बाजूला मोहाची फुलं वाळत पडलेली, त्यांचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास सगळीकडे. मला तो वास आजही आला की उगाच कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

मागची पडवी पाडली तेव्हा गोणपाटांच्या आणि मोडक्या नांगराच्या ढिगाखालून फटफटी निघाली. एका साहेबाची बदली झाली तेव्हा बाबांनी ती त्याच्याकडून घेतली होती. तेव्हाच ती म्हातारी होती. मी लहान असताना तिच्या पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळेत गेल्याचं मला आठवत होतं. मग मी सहा वर्षांची असताना सूर्यमाळच्या रस्त्यावर ती पडली. बाबांचा डावा पाय मांडीतून मोडला आणि जुळला तो आखूडच जुळला. आई मागे बसलेली, तिला नुसतं खरचटलं. ब्रेक फेल झाला होता, आणि तो मागचा ब्रेक दोनच दिवसांपूर्वी मोखाड्याच्या दामू मेस्त्रीने नवा बसवला होता. एवढं सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यानंतर दामू मेस्त्रीकडे कुणी जीप नेईना. तो काही वर्षं भिवंडीला दुसऱ्याच्या गॅरेजात राबला, मग परत येऊन पंक्चर काढायला लागला. बाबा त्याच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. त्याचं नाव निघालं की ते उठून जात. मला वाटे, केवढं हे मोठं मन! त्यांच्या रागाची उणीव मी भरून काढायची. शाळकरी वयात बाजाराला गेले की दामू मेस्त्रीच्या टपरीपुढून जाताना मी न चुकता थुंकायची.

"गुरुजी, हिचं काय करायचं?" लहानूकाकांनी विचारलं. "बाजारच्या दिशी जीपवर टाकू. भंगारवाला नेल."

"द्या टाकून," बाबा म्हणाले. इतक्या चटकन बाबा कधी कशाला हो म्हणत नसत.

"मला द्या," मी म्हणाले. "मी चालू करते."

भिंतीवरची माणसं हसली. बाबा हसले नाहीत. "त्या गाडीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. हा आवाज त्यांनी माझ्याशी कधी वापरला नव्हता. मी तोंड उघडणार इतक्यात चुलीपाशी बसलेली आई वर न बघता म्हणाली, "करू दे तिला."

"अगं, पण..."

"करू दे. नाहीतरी सकाळपासून माझं डोकं खाते. त्यापेक्षा लोखंड खाऊ दे."

बाबांनी आईकडे एकदा बघितलं. मग चपला घालून, सुट्टी असताना, लंगडत शाळेकडे गेले. मला वाटलं, म्हातारपणी माणसं चिडचिडी होतात. बाबा तेव्हा पंचेचाळीसचेही नव्हते. आज माझं वय बघता ते पोरगेलेच म्हणायचे.

पुढचा महिना मी त्या गाडीपाशी काढला. हत्यारं म्हणजे दोन पाने, एक पक्कड, विळ्याचं टोक आणि एक दगड. आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "धुवायला पाण्याचा थेंब मिळायचा नाही." पाणी दोन डोंगर उतरून आणावं लागत होतं, तेव्हा तिचंही बरोबर होतं. मग आईच्या जुन्या पातळाच्या चिंध्या, रेशनचं रॉकेल आणि वाळू यांवर मी ती गाडी साफ केली. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलेलं, हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे गोळे थापलेले. प्रत्येक भाग सोडवायच्या आधी मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर त्याचं चित्र काढायची, कारण स्वतःच्या घाईची मला चांगली ओळख होती. सोडवलेले नट त्याच क्रमाने सुपात मांडायची. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून रॉकेल ओतून ठेवायचं आणि रोज सकाळी किकवर उभं राहायचं, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी किक चार बोटं खाली गेली आणि मी अशी किंचाळले की लहानूकाकांच्या हातातली वाकस पडली. पाना सटकून बोटांची सालं निघाली की मी तो अंगणभर फेकून द्यायची, आणि मग उन्हात तोच शोधत फिरायची.

आत्ता, मागच्याच महिन्यात, सूर्यमाळच्या चढावर मुंबईची चार पोरं असल्याच जुन्या गाड्या उभ्या करून फोटो काढत होती. एक गोड आवाजात म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? गाडी व्हिंटेज आहे." मी म्हटलं, "बाळा, मागचा ब्रेक कधी उघडून बघितलायस का?" म्हातारी चळलीय असं समजून ती भराभर निघून गेली. असो.

सगळं जोडून झालं आणि गाडी काही चालू होईना. किक मारून मारून पोटरी सुजली. प्लग ठिणगी देत होता, टाकीत पेट्रोल होतं. चूक कुठे झाली ते पुढे कळलं, आणि ती चूक आमच्याकडच्या मुलीनेच करावी अशी होती. कार्बोरेटर पितळेचा. पितळ दिसलं की आमचा हात आपोआप चुलीकडे जातो. मी तो चिंच आणि राख लावून असा लखलखीत घासला होता की देवापुढे ठेवावा. राख आतल्या बारीक भोकात जाऊन बसली होती. मोखाड्यात ज्यांच्याकडे नव्या गाड्या येत त्या मेस्त्र्यांनी दुरूनच हात जोडले. "असल्या जुन्या फटफट्यांचं दामूलाच कळतं," त्यातला एक म्हणाला. बाजाराचा दिवस होता. कार्बोरेटर पिशवीत, वर कांदे. मी दोनदा टपरीपुढून गेले, तिसऱ्यांदा आत शिरले.

दामू मेस्त्री बारीक, काळा, कानावर बिडी ठेवलेला माणूस. त्याने कार्बोरेटर उन्हात धरला, आत फुंकर मारली आणि हसायलाच लागला. "चिंच लावलीस?"

"आणि राख."

"अगं पोरी, कार्बोरेटर हाय हा, देवाचा तांब्या नाय. सफाई अंदरसे करायची आसते. भायेरून चमकून काय उपेग?" त्याने तांब्याच्या तारेचा एक केसासारखा धागा काढून भोकातून नेला, पेट्रोल मारलं, पुन्हा फुंकलं. मग विचारलं, "गाडी कुनाची?"

"पोशेऱ्याच्या गुरुजींची."

त्याने कार्बोरेटर गुडघ्यावर ठेवला आणि फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. "इथून जाताना थुकायचीस ती तूच ना?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी मान हलवली. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मागचा ब्रेक उघडलास?"

"नाही. तो... तो तर..."

"उघड. बारा वरसां मी गुरुजींना सांगतोय, एकदा गाडी दाखवा. माझी चूक आसंल तर बाजारात कान धरून उभा ऱ्हातो. त्यांनी गाडी गोणपाटाखाली घातली. मी ब्रेकची पिन घातली का तिचे दोन पाय दोन दिशांना वाकवतो, वर लाल रंगाचा ठिपका देतो. तू नुसती बघ आन् मला सांग. मी यायचा नाय तुमच्या दारात, कुनी बोलावल्याबिगर."

घरी येऊन मी मागचं चाक खाली घेतलं. चाक काढून साफ मी आधीही केलं होतं, पण ब्रेकच्या झाकणाला हात लावला नव्हता. बिघडलेलंच आहे, मग आत काय बघायचं, असा माझा हिशेब. झाकण उघडलं. पिन जागेवर होती, तिचे दोन पाय दोन दिशांना वळलेले, वर लाल ठिपका. चाकाला आवळून धरणारे लायनर जाडजूड, त्यांच्या कडासुद्धा झिजल्या नव्हत्या. दांडी सरळ, नट घट्ट. मी सगळं परत बसवलं, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्याने पायाचा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. मी पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा तरी केलं असेल. त्या चाकाने एकदा तरी निसटावं असं मला मनापासून वाटत होतं.

दुपारी जेवताना मी सरळ विचारलं, "बाबा, ब्रेक तर चांगला आहे."

बाबांच्या हातातला नागलीच्या भाकरीचा घास हातातच राहिला. "बारा वर्षांनी काय कळतंय," ते म्हणाले.

"कळतंय. पिन आहे, लायनर आहे, सगळं आहे. खोटं बोललात तुम्ही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. त्या माणसाचं पोट गेलं."

"मंदे, जेव."

"आणि मी थुंकायची त्याच्यावर!"

बाबा ताटावरून उठले. भरल्या ताटावरून उठणारा माणूस नव्हता तो. मी आईकडे बघितलं, ती मला ओरडेल म्हणून. ती हातातलं वाडगं तसंच धरून बसली होती. "ब्रेक चांगला आहे?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बघितलास तू? नीट बघितलास?" मी पुन्हा हो म्हटलं. तिने वाडगं खाली ठेवलं आणि पाणी आणायला हंडा घेऊन निघून गेली, पाणी भरलेलं असताना.

तेव्हा मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. माझ्या मनात दामू मेस्त्रीला न्याय द्यायचा होता हे खरं, पण बाबांना चारचौघांत खाली बघायला लावायचं होतं हेही तेवढंच खरं. मी जीपवाल्याबरोबर निरोप धाडला : "ब्रेक उघडलाय. कौलं चढवायच्या दिवशी या." आमच्याकडे कौलं चढवायची म्हणजे पाड्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस येतो. मजुरी नसते, जेवण असतं. ढिगापासून शिडीपर्यंत बाया-माणसांची रांग लागते आणि कौल हातोहात वर जातं. रांगेत उभं राहिलेल्याने कौल खाली ठेवायचं नसतं, कारण एकाने ठेवलं की सगळी रांग अडते. त्या दिवशी झाडून सगळे तिथे असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तोच दिवस मी सांगितला.

दामू मेस्त्री आला तेव्हा अर्धं छप्पर झालं होतं. धुतलेला सदरा, हातात हत्यारांची पिशवी, खांद्यावर दोन जुने टायर. तो अंगणाबाहेर कुंपणापाशीच उभा राहिला. रांगेतल्या बायांची बडबड थांबली, पण कौलं चालू राहिली. मी ब्रेकचं झाकण काढून ठेवलंच होतं. मी त्याला आत नेलं. तो गाडीपाशी उकिडवा बसला, लाल ठिपक्यावर अंगठा फिरवला. मग वर बघून म्हणाला, "गुरुजी, खाली या. बघून जा."

बाबा शिडीवर होते. ते एकेक पायरी उतरले, आखूड पाय आधी, मग चांगला. गाडीकडे त्यांनी बघितलंच नाही.

"दामू, तुझी चूक नव्हती," ते म्हणाले. "ब्रेकला काही झालं नव्हतं. त्या दिवशी मी... मी प्यायलो होतो."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. आमच्या पाड्यात लग्नात, उत्तरकार्यात, कशातही थेंब न घेणारे म्हणून ज्यांची थट्टा होते ते गुरुजी! मला विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तेही खोटं आहे हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"पुरे झालं," आई म्हणाली.

ती रांगेत मधेच उभी होती. नुकतंच तिच्या हातात कौल आलं होतं, ते तिने पोटाशी धरलं होतं आणि तिच्यामागची सगळी रांग अडली होती. "गाडी मी चालवत होते," ती म्हणाली. "हे मागे बसले होते. मला शिकवत होते. आठ दिवसांनी मला बालवाड्यांवर देखरेखीच्या नोकरीला लागायचं होतं, पाड्यापाड्याने फिरायचं होतं. पुढ्यात गुरं आली. पाय पातळात अडकला, ब्रेक सापडेना, आणि मूठ मी उलट जास्तच पिळली. ह्यांचा पाय गाडीखाली आला. लोक धावत आले तेव्हा हेच म्हणाले, ब्रेक गेला. बायकोने नवऱ्याचा पाय मोडला असं कुणी म्हणू नये म्हणून म्हणाले. मी ऐकलं नि गप्प बसले. बारा वर्षं गप्प बसले. नोकरीलाही गेले नाही." एवढं बोलून तिने हातातलं कौल पुढच्या बाईच्या हातात दिलं.

मी त्या आईला भित्री समजत होते. ती मोखाड्याला जायची तर जीपमध्ये डोळे मिटून बसायची, रस्त्याच्या कडेने चालताना माझा हात सोडायची नाही, आणि मी तिची नक्कल करून मैत्रिणींना हसवायची. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दामू मेस्त्री उठला. सगळ्यांना वाटलं आता हा शिव्या देईल, आणि त्याने दिल्या असत्या तर कुणी त्याला अडवलं नसतं. तो आईला म्हणाला, "गेर कुठला व्हता?"

"दुसरा."

"मंग क्लच दाबायचा, वयनी. बाकी काय नाय सुचलं तरी क्लच दाबायचा." कुणीतरी फिसकन हसलं. दामू नाही हसला. "आता एक सांगतो. हितं सांगून माझं काय व्हनार? हितल्या मानसांकडं कुठं जीपा हायेत? माझी टपरी मोखाड्याला हाय."

"येते," आई म्हणाली. "बाजारच्या दिवशी येते."

तो दुपारभर गाडीपाशी बसला. लायनर त्याने बदलले नाहीत, नुसता घासायचा कागद मारला. पेट्रोल गळत होतं ते थांबवलं, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर लावलं, मला दाखवत दाखवत. टायर चिरले होते, त्यांच्या जागी त्याने येताना आणलेले, जुने का होईना, दुसरे घातले. जेवायला हाका मारल्या तर म्हणाला, "आधी ही बोलू दे." सातव्या किकला ती बोलली. काळा धूर, उंदरांच्या घरट्याचा उरलेला कचरा, आणि तो फट् फट् आवाज. आंब्यावरचे सगळे कावळे उडाले. मग तो लहानूकाकांशेजारी पंगतीला बसला. कोंबडीचा रस्सा बाबा स्वतः वाढत होते. दामूच्या पानापुढे ते वाकले आणि तसेच राहिले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. दामूने पान थोडं पुढे सरकवलं. "रस्सा वाढा, गुरुजी. निवतोय."

बाजाराला चार दिवस होते. त्या चार दिवसांत बाबांनी मला शाळेमागच्या माळावर गाडी शिकवली. लायसन्सचं विचारू नका, तेव्हा आमच्याकडे ते जीपवाल्यांकडेही नसायचं. बाबा मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, मूठ सोड, मग ब्रेक. आई बांधावर बसून बघायची. तिला मी दोनदा म्हटलं, तू बस पुढे. ती म्हणाली, "आधी मोखाड्याचं काम होऊ दे."

बाजाराच्या दिवशी आई माझ्यामागे बसून मोखाड्याला आली, बाबा जीपने पुढे गेले होते. जीपांच्या रांगेपाशी उतरून तिने पदर खोचला आणि एकेका ड्रायव्हरपुढे जाऊन सांगायला सुरुवात केली. "त्या दिवशी गाडी मी चालवत होते. ब्रेक चांगला होता. दामूची चूक नव्हती." पाचव्या ड्रायव्हरपर्यंत गर्दी जमली होती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आई त्यांच्याकडे बघतही नव्हती. सगळ्यात जुना ड्रायव्हर शिवा, त्याने बिडी विझवली आणि म्हणाला, "वयनी, तुमी मानसं चांगली हायेत. दामूची दया आली आसंल तुमाला. पन बारा वरसांनी कोन काय सांगावं? मानसं भरतो आमी गाडीत. दामूचा ब्रेक लागंल का नाय, मी कसा इस्वास ठेवू?"

"तेच लायनर आहेत गाडीत," आई म्हणाली. "बदललेले नाहीत."

"कशावरून?"

आईने वळून मला सांगितलं, "मंदे, गाडी वर ने."

स्टँडला येणारा रस्ता तिथे चांगला उताराचा होता. मी गाडी वर नेऊन वळवली. आई मागे बसली. खाली जीपांची रांग, मधे मोकळा रस्ता, आणि त्या मोकळ्या रस्त्यात बाबा. ते गर्दीतून लंगडत पुढे आले होते आणि शिवाच्या जीपकडे पाठ करून बरोबर मधे उभे राहिले होते. लोक ओरडत होते, "गुरुजी, बाजूला व्हा!" ते हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले, शाळेत प्रार्थनेला उभे राहत तसे.

"आई, बाबा मधे आहेत."

"दिसतायत मला," ती म्हणाली. तिचे हात माझ्या खांद्यावर होते. "घे. जोरात घे."

मी घेतली. चार दिवसांची शिकाऊ पोर, बारा वर्षं पडून राहिलेली गाडी, आणि समोर बाप! त्या वेळी डोक्यात काही नव्हतं, फक्त कानात वारा आणि बाबांचा सदरा मोठा होत गेलेला. मूठ सोडली. पायाने मागचा ब्रेक दाबला. चाक खरवडत गेलं, मागचा भाग हातभर बाजूला सरकला, आणि गाडी थांबली. बाबांचं पोट आणि पुढचं चाक यांत वीतभरच जागा उरली होती. आई उतरली. शिवाला ती म्हणाली, "आता तुझी जीप आण वरून. मी मधे उभी राहते."

शिवा जागचा हलला नाही. बाबांनी गाडीच्या दिव्यावर हात ठेवला आणि हजेरी घेतात त्या आवाजात, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "दामूचा ब्रेक लागतो. त्या दिवशीही लागला असता. खोटं मी बोललो." मग त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच टपरीकडे मान वळवली. दामू मेस्त्री बाहेर आला नव्हता. पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात कोपरापर्यंत दोन्ही हात घालून, मान खाली घालून तो बसला होता. घमेल्यात ट्यूब नव्हती.